युद्धबंदीनंतरचे उत्तममामा

उत्तममामा गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी होते. एका आजोबांना अर्धीच स्ट्रिप हवी होती, ती मी कात्रीनं कापत होते. दवाखान्यातून ह्यांचा फोन आला. हे एवढंच बोलले, "मामा गेले." मी "बरं" म्हणाले. गोळ्या पाकिटात घातल्या, सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या, जेवणानंतर घ्यायच्या असं आजोबांना दोनदा बजावलं... आणि ते पायरी उतरून गेल्यावर पाहिलं, तर कात्री अजून माझ्या बोटांत तशीच होती. आदल्या दिवशी भेटीच्या वेळात मी मामांजवळ बसले होते. तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणाले होते, "बेबी, मले लय भेव लागून राह्यलं वं." दुकानात बसून बसून माझी जीभ धीर द्यायला सोकावलेली. "काही होत नाही मामा," मी सवयीनं म्हणून टाकलं. त्यांनी मान हलवली. "होते. सारं होते. तू फक्त इथं बस." मी बसले. त्यांचा हात गार होता आणि पकड मात्र एखाद्या लहान मुलाची असते तशी, घट्ट.

मग चौकात फलक लागला. मोबाइलवर स्टेटस फिरली. ‘निधड्या छातीचा सैनिक’, ‘ज्याला भीती ठाऊक नव्हती असा वीर’. लिहिणाऱ्यांनी प्रेमानंच लिहिलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण माझ्या पाहण्यात उत्तममामांएवढा घाबरणारा माणूस दुसरा नव्हता. ते आयुष्यभर भ्याले, जागेपणी भ्याले, झोपेत भ्याले, आणि जिथं जायला सगळ्यांत जास्त भ्याले तिथं म्हातारपणी स्वतःच्या पायांनी गेले. हे लिहिलं नाही तर त्या फलकावरचा माणूसच लोकांच्या लक्षात राहील, म्हणून हा लेख.

माझं आजोळ बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातलं. मामा आईचे धाकटे भाऊ. फौजेतून आल्यावर त्यांना अमरावतीत एका सरकारी गोदामावर नोकरी लागली होती, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आजोळी असलो की तेही मामींना घेऊन चार दिवसांसाठी यायचे. मी तेव्हा शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. आमचं वावर नांगरून पडलं होतं, काळी ढेकळं उन्हात तापलेली. बकरीचं एक पिल्लू दोरी तोडून त्या वावरात पळालं आणि त्याच्यामागे मी. मागून मामांची आरोळी आली. "बेबी! थांब! हलू नको! पाय उचलू नको!" तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी जागच्या जागी उभी राहिले. साप असेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काही दिसेना, म्हणून जास्तच भीती वाटली. मामा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभे होते. किती वेळ उभे होते सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. मग ते यायला लागले. सरळ नाही... खाली पाहत, माझी चिमुकली पावलं मातीत उमटली होती त्यांतच आपला पाय ठेवत. पाय मावेना म्हणून नुसत्या चवड्यांवर, तोल सावरत. एवढा मोठा माणूस असा चालताना पाहून मी रडायला लागले. त्यांनी मला उचललं, जागेवरच वळले आणि त्याच पावलांवरून परत निघाले. माझा कान त्यांच्या छातीवर होता. आत जे धडधडत होतं ते मला आजही ऐकू येतं. धुऱ्यावर आईनं विचारलं, "काय झालं? साप होता का?" मामा म्हणाले, "हो. साप होता." तो साप मी कितीतरी वर्षं खरा मानला.

त्यांनी पुढे कधीच वावरात पाय ठेवला नाही. वाट्याचं वावर मोठ्या भावाला कसायला देऊन टाकलं. भावकीत लोक म्हणत, फौजेत जाऊन आला तर आता ह्याले मातीत उतराची लाज वाटते. मामा ऐकून घेत. मामी तेवढ्या एकदा आईजवळ बोलल्या होत्या की, हे झोपेत पाय पोटाशी घेतात, आन् सोडवायले गेलं तर ओरडतेत. त्यापुढं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धतच नव्हती.

मामा-मामींना मूल नव्हतं. मामी गेल्यावर आम्ही त्यांना अमरावतीतल्याच आमच्या घरी आणलं. ह्यांचं आणि त्यांचं छान जमायचं. पेपर, चहा, क्रिकेट. पण आमच्या रस्त्याला जलवाहिनीसाठी खोदकाम झालं तेव्हा महिनाभर मामा घराबाहेर पडले नाहीत. फाटकासमोर बुजवलेल्या चरीची मऊ माती होती. ते फाटकापर्यंत जात, तिथं उभे राहत आणि परत येत. मी एकदा म्हणाले, "अहो मामा, नुसती माती आहे." ते म्हणाले, "तेच तं." मला वाटलं, वय झालं.

मग ती मालिका आली. एकाहत्तरच्या लढाईवरची, शनिवार-रविवारी संध्याकाळी लागायची. लढाईचे सिनेमे मामांनी कधी पाहिले नव्हते. टीव्हीवर लागला तर उठून जायचे. पण या मालिकेची जाहिरात पाहून म्हणाले, "पाहू. पाहू तं द्या, कसं दाखवतेत." दोन्ही दिवशी ते वेळेआधी खुर्चीत येऊन बसत, पाठ न टेकता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. त्या मालिकेचा कॅप्टन देखणा होता, मोठे संवाद म्हणायचा. एका भागात तो सुरुंग पेरलेल्या वाळूतून धावत जातो, आजूबाजूला आगीचे लोळ उठतात, आणि पार्श्वसंगीत चढत जातं. आमच्या घरात सगळे श्वास रोखून पाहत होते. मामांनी मात्र डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे पाय जमिनीवरून वर उचलले गेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पाय अधांतरी धरले होते! भाग संपल्यावर हे म्हणाले, "मामा, मालिका आहे हो." मामा म्हणाले, "हो. मालिका हाये."

शेवटच्या भागात रेडिओवर युद्धबंदी जाहीर झाली. सैनिकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, झेंडा फडकला, गाणं लागलं, नावं वर सरकली आणि साबणाची जाहिरात सुरू झाली. मामा तसेच बसलेले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं ना मामा. जिंकलो आपण."

"आन् आमचं?"

मला कळलं नाही. मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. कधी येत नसत. काउंटरच्या आत औषधांच्या खोक्यांशेजारी स्टूल होतं, त्यावर बसले आणि बोलायला लागले. गिऱ्हाईक आलं की थांबत. मी खोकल्याचं औषध, मलम, काय मागेल ते देत असे, आणि गिऱ्हाईक वळलं की ते जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगत. त्या दुपारी मी ते ऐकलं.

मामा सॅपर होते. म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे, आणि सुरुंग पेरणारे व काढणारे सैनिक. लढाई थोड्या दिवसांत संपली. पण त्याआधी पश्चिम सीमेवर दोन्हीकडच्या फौजांनी मैलोन्‌मैल सुरुंग पुरून ठेवले होते. ओसाड माळावर नाही... लोकांच्या वावरांत, विहिरीच्या वाटेवर, पाटाच्या कडेला. लढाईच्या वेळी उठून गेलेले शेतकरी आता परत येऊन गावाबाहेर बैलगाड्या सोडून बसले होते. त्यांना पेरायचं होतं. "सारा देश मिठाई वाटून राह्यला होता, आन् आमाले हुकूम आला, आता काढा," मामा म्हणाले. "आपनच पेरलं, आपनच वेचा. समोरच्यानं पेरलं तेबी वेचा." नकाशे होते, पण नकाशातली ओळ सरळ आणि जमिनीतली वाकडी. वाऱ्यानं वाळू सरकलेली. खुणेच्या मेखा कुणी जळणाला नेलेल्या. पोटावर पडायचं, सळई तिरपी धरायची, हळूच मातीत सारायची. काही लागलं की थांबायचं आणि बोटांनी माती बाजूला करायची, बाळाच्या डोळ्यांतली घाण काढतात तशी. डोळ्यांत घाम गेला तरी पुसायचा नाही. हिवाळा सरला, उन्हाळा आला, तरी ते चालूच होतं.

"भीती वाटायची?" मी मूर्खासारखं विचारलं.

"ज्या दिवशी भेव नाई लागलं, त्या दिवशी जास्त भेव लागे," ते म्हणाले. "कावून की मंग हात इसरते."

त्यांचा जोडीदार होता सुखदेव, हिवरखेडचा. तुकडीत वऱ्हाडचे हे दोघेच. दिवसभर हिंदीत हुकूम ऐकायचे आणि संध्याकाळी तंबूत एकमेकांशी मनमोकळं आपल्या बोलीत बोलायचं. बाकीचे भीती लपवत, सुखदेव लपवत नसे. पांढरी फीत बांधलेली असायची, तिच्यापलीकडे सुरुंग. रोज सकाळी त्या फितीजवळ उभा राहिला की त्याचे दात वाजत. चहा पोटात टिकत नसे. हसणारेही होते, मामा नव्हते हसत. "तो भेत होता म्हनून मले आधार होता," ते म्हणाले.

एका सकाळी सुखदेव फितीजवळ खालीच बसला. म्हणाला, "उत्तम, आज मी नाई जात. मले घरी जाचं हाये. आमच्या वच्छलेचं लगन हाये पुढच्या महिन्यात." वच्छला म्हणजे त्याची बहीण. त्याला कुणी रागावलं नाही, कुणी ओढलं नाही. थोडा वेळ तो बसून राहिला. मग आपणच उठला, बुटाच्या नाड्या आवळल्या आणि आत गेला. नियम असा की दोघांत बरंच अंतर ठेवायचं, म्हणून मामा मागे फितीशी थांबले होते. "टीव्हीत दाखवतेत तसा आवाज नाई होत बेबी. धप्प. ओल्या पोत्यावर काठी मारल्यावानी. आन् धूळ." मामा आत गेले. सुखदेवच्या पावलांत पाऊल ठेवत. तो शुद्धीवर होता. मामांना येताना पाहून म्हणाला, "तिथंच थांब." त्याला शेवटचं सुचलं ते एवढं. मामा थांबले नाहीत. त्याला खांद्यावर घेऊन त्याच पावलांवरून परत आले. दवाखान्यात नेताना गाडीत तो गेला.

माझ्यासमोर कुणीतरी चिठ्ठी धरून उभं होतं. मला अक्षरं लागेनात. दुकानातली फरशी रोजचीच, पण ते गिऱ्हाईक गेल्यावर मी काउंटरमधून बाहेर यायला निघाले आणि पाय टाकण्याआधी खाली पाहिलं. एवढंच आठवतं. साप कोणता होता तेही त्या दिवशी समजलं.

सुखदेवच्या सामानाची पेटी दुसऱ्या कुणाबरोबर त्याच्या घरी पाठवली गेली. मामा पुढच्या सुटीत अकोल्यापर्यंत आले, हिवरखेडच्या गाडीशी उभे राहिले आणि बार्शीटाकळीच्या गाडीत बसले. "त्याच्या मायले काय सांगू? भेत होता म्हनून सांगू?" त्यानंतर ते हिवरखेडला कधी गेले नाहीत. पन्नासहून जास्त वर्षं, जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं ते गाव त्यांनी टाळलं.

पण मालिकेनं गावोगावी जुने सैनिक शोधायला लावले होते. महिन्याभरातच हिवरखेडहून फोन आला. गावातल्या मंडळींनी सुखदेवच्या स्मरणार्थ शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला होता. माजी सैनिकांकडून मामांचं नाव कळलं होतं, त्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून यावं. मोबाइलवर फलकाचं चित्र आलं. सुखदेवचा चेहरा मालिकेतल्या कॅप्टनच्या धडावर बसवला होता, मागे जळणारे रणगाडे, आणि खाली ‘शत्रूचे रणगाडे अडवून हसत हसत वीरमरण पत्करणारा हिवरखेडचा सुपुत्र’. मामांनी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिलं. "हा सुखदेव नोहे," म्हणाले. "नाई म्हन त्याईले." मी फोन लावला. वाजत असतानाच मामा म्हणाले, "थांब. वच्छला हाये का जित्ती, तेवढं इचार." होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, तेव्हापासून माहेरीच होती. कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसणार होती.

"सांग, येतो म्हना," मामा म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं.

त्यांचं ब्लडप्रेशर मी रोज मोजत होते आणि रोज माझाच जीव वरखाली होत होता. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना समजावलं. "मामा, लोकांचा उत्साह आहे. ते म्हणतील त्याला हो म्हणा. हार घ्या, दोन शब्द बोला, निघून येऊ. आजकाल कुणाच्या मनाला काय लागेल, सांगता येत नाही." ते म्हणाले, "पाहू." त्या ‘पाहू’चा अर्थ मला बरोबर कळला होता.

भाड्याची गाडी करून आम्ही दोघं निघालो. दर्यापूर गेलं, अकोट आलं. उजवीकडे सातपुडा दिसायला लागला. अकोटला चहासाठी थांबलो. चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "बेबी, गाडी फिरव. मले नाई जमत." मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच ड्रायव्हरला सांगितलं. आम्ही अमरावतीच्या दिशेनं निघालोही. शहराबाहेरच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत आलो असू, मामा खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "लगन मोडलं का झालं तिचं, तेबी तवा इचारलं नाई मी कोनाले." मग ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, मापी करजा. हिवरखेडलेच चाल."

मैदान भरलं होतं. स्पीकरवर मालिकेचंच शीर्षकगीत वाजत होतं. सूत्रसंचालकानं रणगाडे असे काही उभे केले की लहान पोरं खुर्च्यांवर चढून ऐकू लागली. मामांना पुकारलं. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. मी व्यासपीठाच्या पायरीशी, खाली उभी होते.

"मी रनगाडा पाह्यला नाई," मामांनी सुरुवात केली. "सुखदेवनंबी नाई पाह्यला. लढाई सरली होती तवा. आमी सुरुंग काढत होतो. कास्तकाराईच्या वावरातले." मग त्यांनी सगळं सांगितलं. फीत, वाजणारे दात, न टिकणारा चहा. "तो लय भेत होता. रोज भेत होता. आन् रोज जात होता. त्या दिवशी तो म्हनला, मले घरी जाचं हाये..."

 मागून आवाज आला. "ओ बाबा! आमच्या शहिदाले भित्रा म्हनून राह्यले काय तुमी?" दुसरा आवाज उठला. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दोघंतिघं उभे राहिले, मग पुष्कळ. कुणीतरी व्यासपीठावर चढून मामांच्या हातातला माईक ओढला. मोबाइल वर धरले गेले. मामा मागे सरले नाहीत, पण त्यांची नजर सारखी पायांखाली जात होती. मी पायऱ्या चढायला गेले तर गर्दीनं मला अडवलं. माझ्या तोंडून नुसतंच "मामा, मामा" निघत होतं. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की हे आता त्यांना मारतील.

"थांबा रे."

पुढच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांची बाई खुर्चीच्या पाठीला धरून उठली होती. आवाज मोठा नव्हता, पण पुढचे थांबले तसे मागचेही थांबले. वच्छलाबाई. तिनं माईक घेतलेल्या माणसाला हातानंच मागे सरायची खूण केली आणि व्यासपीठाच्या कडेशी येऊन मामांकडे वर पाहिलं.

"भाऊ, खरं सांगजा. तो भेला होता?"

"हो बाई."

"घरी जाचं म्हने?"

"हो. तुमच्या लगनाचं बोल्ला. तुमचं नाव घेतलं त्यानं."

 ती पदर तोंडाला लावून खालीच बसली, मातीत. मी आणि आणखी एक बाई धावलो. ती रडत होती आणि बोलत होती, आणि ते बोलणं ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांतला कुणी ते विसरला असेल असं मला वाटत नाही.

"साऱ्याईनं सांगतलं, हासत गेला, हासत गेला... आमची माय मरेपर्यंत म्हने, हासत कावून गेला वं तो? आमी त्याले इतके नकोसे होतो काय? त्याले आमची याद नाई आली काय?" तिनं मामांचा पाय धरला, ते व्यासपीठाच्या कडेला येऊन बसले होते. "त्याले याचं होतं भाऊ. त्याले घरी याचं होतं. माह्या मायले हे ऐकाले पायजे होतं."

मामा म्हणाले, "मी आलो नाई बाई. मले भेव लागलं."

"आता आले ना," ती म्हणाली.

कार्यक्रम कसा संपला ते धड आठवत नाही. माईक ओढणाराच माणूस पाण्याचा ग्लास घेऊन मामांसमोर उभा होता. फलक कुणी काढला नाही. आम्ही निघालो तेव्हाही जळणाऱ्या रणगाड्यांपुढे सुखदेव उभाच होता. पुढचे काही दिवस वाईट गेले. कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर टाकला होता, ‘तो लय भेत होता’ एवढाच. अनोळखी नंबरांवरून फोन आले, शिव्या आल्या. एका संध्याकाळी दुकानासमोर चार-पाच जण येऊन नुसते उभे राहिले, काही न बोलता, तेव्हा ह्यांनी दिवेलागणीलाच शटर ओढलं. आत आम्ही दोघं खोक्यांमध्ये बसून राहिलो. कुणी काही केलं नाही. पुढे लोकांना दुसरा विषय मिळाला. मामांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटतं, कारण त्या आठवड्यात ते रोज दुपारी दुकानात येऊन काउंटरच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसत.

वच्छलाबाईचा फोन मात्र नियमानं येऊ लागला. तिचं लग्न सुखदेवच्या मरणामुळे पुढे ढकललं गेलं होतं, पण झालं होतं. दोघं म्हातारी माणसं सुखदेवबद्दल बोलत. तो भाकरीबरोबर काय खायचा, तंबूत कसा घोरायचा. मामा कधी कधी हसत. मी मामांना असं हसताना लहानपणापासून पाहिलं नव्हतं. पायाखालची भीती मात्र गेली नाही. काहीजणांना वाटेल, मन मोकळं केलं म्हणजे गेली असेल. तसं झालं नाही. दवाखान्यात नेताना आवारातल्या ओल्या मातीवरून स्ट्रेचर जात होतं, तेव्हाही त्यांनी झोपल्या झोपल्या पाय आखडून घेतले.

मामांच्या जलदानविधीला वच्छलाबाई हिवरखेडहून एकटी एसटीनं आली. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. ती गेली नाही. ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "शेवटी भेले का वं ते?"

खोटं बोलावं असं एकदाही मनात आलं नाही. "हो," मी म्हणाले. "फार."

"कोनी होतं ना जवळ?"

"हे होते. हात धरून."

"मंग झालं," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं घरात पाहिलं. "त्याईची खोली कोनती?"

मी बोट दाखवलं. दार लावलेलं होतं. दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून ते लावलेलंच होतं. मामांचे कपडे, चष्मा, पांघरूण आत तसंच होतं आणि मी रोज त्या दारावरून जाताना भराभर पावलं उचलून पुढे होत होते. ह्यांना मी सांगितलं होतं, सवड नाही म्हणून.

"बंद कावून ठेवलं?"

"भेव लागते," मी म्हणाले. इतकी वर्षं अमरावतीत राहून, शिकून, दुकानात बसून जे शब्द मी बोलायचे सोडून दिले होते, त्यांतलाच एक तोंडात आला.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, पदर खोचला आणि माझा हात धरला.

"चाल," म्हणाली. "मलेबी लागते."

आणि आम्ही दार उघडलं.